कचारगडच्या गुहेबाहेर तेव्हा काय दिसत होतं?

दरेकसा स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात. मुंबई-हावडा मार्गावरचं हे महाराष्ट्रातलं जवळपास शेवटचं स्टेशन. पुढे डोंगर लागतो आणि मग छत्तीसगड. मी उतरलो तेव्हा थंडीचे दिवस होते, यात्रेला अजून बराच अवकाश होता. सालेकशाचा एक मित्र दुचाकी घेऊन आला होता. धनेगावपर्यंत गाडीवर आणि पुढे पायी, असं आम्ही कचारगडला गेलो.

जाण्याआधी मोबाइलवर जेवढं सापडलं तेवढं वाचलं होतं. पर्यटनाच्या माहितीत, बातम्यांत, रीलमध्ये, सगळीकडे एक आकडा होता : २५ हजार वर्षं. 'पंचवीस हजार वर्षं जुनी नैसर्गिक गुहा.' त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं, की पुरातत्त्व अभ्यासकांना इथे अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. दोन्ही वाक्यं इतक्या वेळा एकमेकांवरून उतरवली गेली आहेत की मूळ कुठलं, हे कुणी विचारत नाही.

गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर मी हा आकडा मित्राला ऐकवला. तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण ती पोरं बाहेर आली तेव्हा त्यांना समोर दिसलं काय?"

ती पोरं म्हणजे कली कंकालीची मुलं. ही कथा गोंड समाजात ठिकठिकाणी थोडी वेगळी सांगतात. सर्वसाधारण कथा अशी : मुलं फार दांडगट झाली म्हणून शंभूने त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. मुलं तेहतीस. जंगो रायतारला त्यांची दया आली, पण शिळा हलेना. मग पहांदी पारी कुपार लिंगोने हिरासुका पाटारी या वादकाला पाठवलं. त्याच्या किंगरीच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा लोटली आणि मुलं सुटली. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. लिंगोने पुढे या मुलांना शिकवलं, त्यांची कुळं बांधून दिली, आणि तिथून कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, सुरू झाला. माघ पौर्णिमेच्या सुमाराला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चहूकडून माणसं येतात ती याच आठवणीसाठी. यात्रेला आजचं रूप १९८०च्या दशकात आलं. त्यात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांचे सोबती यांचा मोठा वाटा.

मित्राचा प्रश्न मात्र कथेतला नव्हता. कथेत पुढे काय झालं ते सांगितलेलं आहे, समोर काय दिसलं ते नाही. गवत होतं की रान? पाऊस किती? कुठली जनावरं? घरी आल्यावर मी याच प्रश्नाच्या मागे लागलो.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. 'गुहा २५ हजार वर्षं जुनी' म्हणजे नेमकं काय जुनं? या पट्ट्यातले खडक सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुने आहेत. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर डोंगरगडकडचे हे खडक दोनशे कोटी वर्षांच्याही पलीकडचे. त्या खडकात पोकळी कधी झाली, हे दुसरं वय. त्या पोकळीत पहिला माणूस कधी बसला, हे तिसरं. आणि तिथे सापडलेलं एखादं हत्यार कधी घडवलं गेलं, हे चौथं. आकडा एकच आणि वयं चार.

बरं, हत्यार बघून तरी काळ कळतो का? दगडाची बारीक पाती, ज्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात, ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवून बाण, विळी, सुरी करत. शाळेच्या पुस्तकात ती मध्याश्मयुगाच्या रकान्यात असायची, म्हणजे गेल्या दहा-बारा हजार वर्षांतली. मग मध्य प्रदेशात निमाडमधल्या मेहताखेडी इथे अशीच पाती सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हे प्रसिद्ध केलं. आणि दुसऱ्या टोकाला अशी पाती इतिहासकाळापर्यंत वापरात होती. म्हणजे कचारगडच्या ओढ्यात एखादं पातं सापडलं तर ते ४५ हजार वर्षांपूर्वीचंही असू शकतं आणि सातवाहनांच्या वेळचंही. नुसत्या पात्यावर तारीख लिहिलेली नसते. तारीख असते ती ज्या मातीत ते पडलं होतं त्या मातीत.

मातीची तारीख काढायचे दोन मार्ग जास्त वापरात आहेत. एक कोळशाचा : कार्बन-१४. तो साधारण ५० हजार वर्षांपर्यंत चालतो, पण कोळसा, शिंपला किंवा अंड्याचं कवच असं काहीतरी लागतं. दुसरा वाळूचा, आणि तो मला जास्त आवडतो. वाळूचा कण उन्हात असला की त्याच्या आत साठलेली ऊर्जा निघून जाते, घड्याळ शून्यावर येतं. तो कण मातीखाली गेला की आजूबाजूच्या किरणोत्सर्गाने ती पुन्हा भरू लागते. म्हणून नमुना अंधारात काढायचा, अंधारातच प्रयोगशाळेत न्यायचा आणि मग त्या कणाला विचारायचं : शेवटचं ऊन कधी पाहिलंस? मेहताखेडीचा काळ याच पद्धतीने काढला.

समोर काय दिसत होतं, याचं उत्तर काढायची रीतही अशीच आडवळणाची. सोपा मार्ग म्हणजे परागकण. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळ साचतो, त्यात आजूबाजूच्या झाडांचे पराग अडकतात, गाळाची उभी नळी काढली की जंगलाची वही हातात येते. लखनौची बीरबल साहनी संस्था हे काम अनेक दशकं करते आहे. पण महाराष्ट्राची काळी माती परागकणांची वैरी आहे. ते तिच्यात कुजून जातात. गोंदिया तळ्यांचा जिल्हा खरा, पण इथली बहुतेक मोठी तळी माणसांनी बांधलेली, कोहळी समाजाच्या कौशल्याची. सिंचनाच्या इतिहासाला ती सोन्यासारखी, हिमयुगाच्या इतिहासाला निरुपयोगी.

राज्यात नैसर्गिक आणि खोल असं एक तळं आहे : लोणार. तिथल्या गाळाची जी नळी जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यासली, ती सुमारे ११ हजार वर्षं मागे जाते. तिच्यात हिमयुगानंतर मान्सून जोरात आलेला दिसतो आणि ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक लांबलेला दुष्काळही दिसतो. पण २५ हजार वर्षांपर्यंत ती पोचत नाही.

मग उरतं गवत. झाडं आणि बहुतेक झुडपं हवेतला कार्बन एका रीतीने घेतात, उष्ण प्रदेशातलं बरंचसं गवत दुसऱ्या रीतीने. त्यामुळे दोघांत कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण थोडं वेगळं असतं. झाडं-गवत मेलं तरी हा फरक मरत नाही. तो मातीत तयार होणाऱ्या चुन्याच्या खड्यांत उतरतो, जे नदीकाठच्या दरडीत पांढऱ्या गोळ्यांसारखे दिसतात. चरणाऱ्या जनावराच्या दातात उतरतो. वटवाघळांच्या विष्ठेतही उतरतो, कारण वटवाघूळ किडे खातं आणि किडे गवत किंवा पानं खातात. गुहेत शिरल्यावर ज्या वासाने आपण नाकाला रुमाल लावतो, तो वास म्हणजे कदाचित वर्षानुवर्षांचं हवामानखातं.

आता २५ हजार वर्षांपूर्वीचं चित्र. हा आकडा कचारगडला चिकटला तो योगायोगाने, पण पृथ्वीच्या इतिहासात तो काळ फार मोठा आहे. साधारण २६ ते १९ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. उत्तरेकडे बर्फाचे थर साचले होते, त्यात इतकं पाणी अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईचा किनारा तेव्हा मुंबईत नव्हता. मान्सून क्षीण होता. आणि एक गोष्ट जी सहसा सांगितली जात नाही : हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १९० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. इतक्या कमी कार्बनवर झाडाला वाढणं जड जातं, गवताला तितकं नाही. म्हणजे पाऊस कमी, थंडी जास्त आणि हवाच गवताच्या बाजूने.

नद्यांनीही याची साक्ष ठेवली आहे. शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी घोड, प्रवरा, मुळा अशा नद्यांच्या दरडी वाचल्या. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात नद्यांत जोर नव्हता. गाळ वाहून न्यायची ताकद नसल्यामुळे त्या तो तिथेच टाकत, पात्र भरून काढत. मग मान्सून परतला आणि त्याच नद्यांनी स्वतःच टाकलेला गाळ खोल चिरला. दख्खनमध्ये नदीच्या काठावर उभं राहून आपण जी उंच दरड पाहतो ती बरेचदा ही आहे : वर आळशी नदी, खाली पुन्हा जागी झालेली.

आणि मग पाटणे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्यांचे मणी निघाले आणि एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची कोरलेली नक्षी निघाली. कवचाचा कार्बन-१४ काळ आला सुमारे २५ हजार वर्षं. शहामृग खानदेशात! मध्य आणि पश्चिम भारतात अशी कवचं चाळीसहून अधिक ठिकाणी मिळाली आहेत. काही लोकांना तरी शंका होती की हा पक्षी वेगळाच असेल. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या शास्त्रज्ञांनी जुन्या कवचांतून डीएनए काढला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला पळायला मोकळं रान लागतं, लांबचं दिसायला हवं. ज्या जमिनीवर तो अंडी घालत होता ती गवताळ होती, हे त्या एका कवचाने सांगितलं.

हे वाचून मी मित्राला लगेच फोन केला असता, पण थांबलो. पाटणे कचारगडपासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर, पश्चिमेला, कमी पावसाच्या पट्ट्यात. खानदेशात शहामृग होता म्हणून दरेकशाला होता, असं होत नाही. 'सगळा भारत तेव्हा वाळवंट होता' असलं वाक्य मला त्या २५ हजारच्या आकड्याइतकंच नकोसं वाटतं.

म्हणून मी साधा हिशेब केला. गोंदिया जिल्ह्यात आज वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. समजा तो एक तृतीयांशाने कमी झाला, तर उरतात नऊशेच्या आसपास. अर्धा झाला तर साडेसहाशे, म्हणजे आजच्या चाळीसगावच्या जवळपास. हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे. पण यातून एक गोष्ट कळते : पूर्व विदर्भाने पडता पडताही झाडं सगळी गमावली नसणार. सपाटीवर गवत, गवतात विखुरलेली झाडं, आणि डोंगराच्या घळींत, झऱ्यांच्या कडेला, ओलावा टिकतो तिथे दाट हिरवे पट्टे. मोह दुष्काळाला चिवट. तेंदू, चार, सालई, आवळा ही सगळी कोरड्या रानात तग धरणारी. थंडीचंही गणित आहे. कान्ह्याच्या मैदानांत आजही हिवाळ्यात दंव गोठतं आणि खोलगट भागात कोवळी रोपं मारतं, म्हणून तिथे गवत टिकतं. तेव्हा अशी गोठणारी मैदानं जास्त असणार.

मग पोरांना गुहेच्या तोंडातून जे दिसलं असतं ते आजच्यासारखं नाही. आज समोर झाडांच्या शेंड्यांचा हिरवा गालिचा आहे. तेव्हा कदाचित खालची सपाटी लांबवर पिवळी दिसली असती, मधून मधून झाडं, आणि वाघ नदीच्या काठाने एक गडद रेघ. शिकारी माणसाला ही जागा आवडण्याचं कारणही मग कळतं. वरून कळप दिसतो, खाली पाणी, पाठीशी दगड.

कळप कसले? इथे बातमी चांगली आहे. आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ बिल्लासुर्गम नावाच्या गुहा आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी १८८०च्या दशकात त्या खणल्या होत्या; अलीकडे पुन्हा खणल्या. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला : तिथली बहुतेक सगळी मोठी सस्तन जनावरं गेल्या दोन लाख वर्षांत टिकून राहिली. युरोप-अमेरिकेत मॅमथ आणि त्यांचे सोबती हिमयुगाबरोबर गेले, इथे चितळ, सांबर, नीलगाय, चौसिंगा, गवा राहिले. काही मात्र गेले. शहामृग गेला. पाणघोडाही गेला, गोदावरी आणि घोडच्या गाळात त्याची हाडं मिळतात, आणि मध्य भारतातल्या काही दातांचा काळ फक्त १६ हजार वर्षांपूर्वीचा निघाला आहे. क्षीण मान्सूनमध्ये बारमाही डोह आटले की पाणघोड्याला जागाच उरत नाही.

म्हणजे नागझिऱ्यात आपण जीपमधून जे बघतो त्यातलं बरंचसं तेव्हाही होतं. फक्त झाडं मागे सरकलेली आणि गवत पुढे आलेलं.

हे सगळं मी मित्राला सांगितलं तेव्हा त्याने मला गोंडी आडनावं मोजून दाखवली. टेकाम : टेका म्हणजे साग. मरकाम : मरका म्हणजे आंबा. इरपाची : मोह. तुमराची : तेंदू. नेताम : कुत्रा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात यातली बरीच नोंदवली आहेत. परंपरेत साडेसातशे कुळं मानतात आणि प्रत्येक कुळाने एक झाड, एक प्राणी, एक पक्षी जपायचा. "आमच्याकडे परागकण नसले तरी यादी आहे," तो म्हणाला.

यादी खरीच आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. पण मी त्याला हेही सांगितलं की ही यादी २५ हजार वर्षांची आहे असं मी लिहिणार नाही. सागाची, आंब्याची, मोहाची ही यादी सध्याच्या पावसातल्या, सध्याच्या रानाची आहे. तिच्यात शहामृग नाही. भाषेचंही तेच. गोंडी द्राविडी कुळातली, आणि त्या कुळाचं वय संशोधकांनी सुमारे साडेचार हजार वर्षं काढलं आहे. तो थोडा चिडला. त्याचं म्हणणं असं की आमची जुनी गोष्ट आली की लगेच पुरावा मागता, इतरांची आली की मागत नाही. यात तथ्य आहे, हे मी कबूल करतो. 'पहिले इथले कोण' हा प्रश्न इथे वनहक्काच्या अर्जाशी, गावाच्या सीमेशी, पोटाशी जोडलेला आहे. मोठा आकडा हातात असला की बोलायला बळ येतं. मला फक्त एवढंच वाटतं की हा आकडा उद्या कुणी एका प्रश्नाने पाडू शकतं, आणि तेव्हा त्याच्याबरोबर खरी गोष्टही पडेल. जंगलाचा हक्क साडेचार हजार वर्षांवरही तितकाच पक्का आहे. साडेचारशेवरही.

त्याला मी बाघोरचं उदाहरण दिलं. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात जी. आर. शर्मा आणि जे. डी. क्लार्क यांच्या पथकांना दगडगोट्यांचा एक गोल ओटा मिळाला, दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या मध्ये एक त्रिकोणी दगड होता, ज्यावर निसर्गतःच एकात एक त्रिकोण उमटलेले. आसपासच्या गावांत कोल आणि बैगा लोक आजही अशाच ओट्यावर असाच दगड ठेवून देवी पुजतात, हे अभ्यासकांनी पाहिलं आणि १९८३ मध्ये लिहिलं. तीच माणसं, तोच धर्म, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण तिथे जे कळलं ते खणून आणि शेजारच्या गावात बसून, दोन्ही केल्यावर कळलं.

"मग इथे खणणार का?" त्याने विचारलं. "कुणाला विचारून?"

या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. गुहेच्या जमिनीत खाली थर असतील तर हिमयुगापर्यंतची उत्तरं तिथेच आहेत : कोळसा, कणांचं शेवटचं ऊन, वटवाघळांचं खातं. हाडं कमी मिळतील, चुना नसलेल्या मातीत ती सहसा टिकत नाहीत. पण ही जमीन हजारो माणसांची पूजेची जागा आहे, आणि जिथे मुलं कोंडली गेली असं मानतात तिथे कुदळ घालणं ही काही विद्यापीठाच्या एका पत्राने उरकायची गोष्ट नाही. दुसरीकडे, न खणताही थर जातात. कुठल्याही गुहेत भराव घातला, फरशी बसवली, पायऱ्यांसाठी माती काढली की वरचे काही हजार वर्षं एका दुपारी नाहीसे होतात. पूजेला येणाऱ्या पायांचा त्यात दोष नाही. सुशोभीकरणाच्या कंत्राटाची मात्र मला भीती वाटते.

आम्ही बराच वेळ यावर बोललो. त्याचं मत असं पडलं की खणायचं असेल तर एक हात बाय एक हात, गुहेच्या बाहेरच्या उतारावर, भुमक आणि गावातली म्हातारी माणसं बसलेली असताना. आणि निघेल ते नागपूर-पुण्याला जायच्या आधी धनेगावात दाखवायचं. मी आजवर वाचलेल्या कित्येक उत्खनन-प्रस्तावांपेक्षा हा बरा होता.

उतरताना ओढ्यात त्याला एक गुळगुळीत, कडेला धार असलेला तुकडा दिसला. हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला. मी पाहिला. हत्यार असेल, किंवा पाण्याने फुटलेला दगड असेल. मोबाइलवर फोटो काढला, जागेची खूण टिपली. मग त्याने तो जिथून उचलला होता तिथेच, त्याच बाजूने, परत ठेवला आणि म्हणाला, "यात्रेला ये. तेव्हा पोरं बाहेर येतात."